‘झाडपाला आहे हो, त्याने काय होतंय!’ (सेंट जॉन्स वर्ट, भांडण भाग १)

पानगळ (धागाकर्ती)
परवा ‘रानवारा’ यांनी लिहिलं की डिप्रेशनच्या गोळ्या कचऱ्यात टाका, सेंट जॉन्स वर्ट सुरू करा, झाडपाला आहे, साइड इफेक्ट शून्य. खाली चाळीस जणांनी बदाम टाकले. दोनदा उत्तर लिहून खोडलं, आज मात्र राहवत नाही.

त्याचा उपयोग होत नाही असं माझं म्हणणंच नाही. २००८ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्या एकत्र तपासून निष्कर्ष काढतात तो) २९ चाचण्या होत्या, ५४८९ रुग्ण होते. प्लॅसिबोपेक्षा (औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा) सरस, नेहमीच्या अँटिडिप्रेसंटच्या तोडीचं आणि त्रास होतो म्हणून मधेच सोडणारे कमी. मान्य. पण अंगात शिरून एवढं काही करणारी वस्तू बाकी बाबतीत गप्प कशी बसेल? त्यातलं हायपरफोरिन हे द्रव्य यकृतातलं, औषधं मोडून टाकणारं सीवायपी३ए४ हे एन्झाइम वाढवतं. मग यकृत दुसरी औषधं भराभर निकालात काढतं: रक्त पातळ करणारं वॉर्फरिन, एचआयव्हीवरची काही औषधं, गर्भनिरोधक गोळ्या. २००० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात झुरिकच्या दोन रुग्णांची हकीकत आली होती. दोघांचं हृदय प्रत्यारोपित, दोघांनी हे सुरू केलं, नवं हृदय टिकवणाऱ्या सायक्लोस्पोरिन या औषधाची पातळी घसरली आणि शरीर नवं हृदय नाकारायला लागलं.

आता माझं. वर्ट सुरू केल्यावर सातव्या आठवड्यात मला खरंच बरं वाटत होतं. सकाळी उठून अंथरुणाची घडी घालायला लागले होते, ही तेव्हा माझ्यासाठी मोठी गोष्ट होती. आणि मग पाळी नसताना डाग. तपकिरी, रोज थोडे. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “गर्भनिरोधक गोळीशिवाय आणखी कुठलं औषध चालू आहे?” मी बिनदिक्कत “नाही” म्हणाले. खोटं बोलले नाही हो, मला ते औषध वाटतच नव्हतं! पर्समध्ये बाटली होती तेव्हा. पुढचे तीन आठवडे कसे काढले ते मलाच माहीत. निभावलं, एवढंच.

रानवारा
वा. माझ्यावर स्वतंत्र धागा. धन्यवाद.

ताई, तुम्ही सांगितलेलं एन्झाइम-बिन्झाइम खरं असेल. पण सर्ट्रालिनवर (डिप्रेशनची गोळी) मी दीड वर्ष काढलंय, तुम्ही नाही. आजी गेली तेव्हा माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. सगळे रडत होते आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरचे रकाने मोजत होतो. एक डोस चुकला की डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके. बायकोशी जे नातं उरलं होतं त्याबद्दल इथे लिहीत नाही. वर्टवर आल्यापासून मी माणसात आलो. हा पुरावा नाही का?

सरळरेघ
हा तुमचा अनुभव झाला. पुरावा वेगळा असतो. २००२ ची अमेरिकन चाचणी वाचा, जामा या वैद्यकीय नियतकालिकात आहे. ३४० रुग्ण, ८ आठवडे. वर्ट प्लॅसिबोपेक्षा सरस ठरलं नाही. विषय संपला.

रानवारा
अर्धीच बातमी सांगायची सवय आहे का? त्याच चाचणीत तिसरा गट सर्ट्रालिनचा होता. मुख्य दोन मोजमापांवर तेही प्लॅसिबोपेक्षा सरस ठरलं नाही! मग सर्ट्रालिनचाही विषय संपला म्हणा की. हिंमत आहे?

सरळरेघ
…हे मात्र खरं आहे. पण कॉक्रेनमध्ये जर्मन भाषिक देशांतल्या चाचण्यांचे निकाल इतरांपेक्षा जास्त गोड आले होते, हेही तितकंच खरं. आणि गंभीर डिप्रेशनसाठी त्यावर भिस्त ठेवणं म्हणजे आगीवर चूळ टाकणं.

तिरकस
‘नैसर्गिक म्हणून सुरक्षित’वाल्यांना साष्टांग. हृदयावरचं डिगॉक्सिन हे औषध फॉक्सग्लोव्ह नावाच्या फुलझाडातूनच येतं. धोतराही नैसर्गिक, कण्हेरही. चहात टाकून कळवा.

बाकी वर्टचं झाड देखणं आहे हं. पान उजेडासमोर धरलं तर सुईने टोचल्यासारखे पारदर्शक ठिपके दिसतात. पिवळी कळी चिरडली तर बोटं लाल होतात, तो हायपेरिसिन या द्रव्याचा रंग. हे झाड जास्त खाल्लेल्या गुरांची कातडी उन्हात भाजून निघते. गोऱ्या मंडळींनी जपावं.

घड्याळजी
थट्टा पुरे. माझ्या धाकट्या भावाने हे घेतलं, आम्हाला न सांगता. तिसऱ्या आठवड्यात रात्री तीन वाजता आवाज आला म्हणून उठलो, तर तो कपाटाचे पल्ले काढून त्यांना रंग देत होता. आनंदात. चार दिवस झोपलाच नव्हता. त्याला बायपोलर (कधी डिप्रेशन, कधी उन्माद) आहे हे आम्हाला तेव्हा कळलं. सुरुवात डिप्रेशनसारखीच दिसते, तीच गोम. रानवारा, तुमच्या चाळीस बदामांत असा एखादा असेल तर?

रानवारा
वाईट वाटलं वाचून. मनापासून. पण डॉक्टरने दिलेल्या अँटिडिप्रेसंटनेही हे होऊ शकतं, नाही का?

घड्याळजी
होऊ शकतं. फरक एवढाच की तेव्हा कुणीतरी आधी विचारतं, घरात कुणाला असा त्रास होता का.

मीच_ती
विचारतं?? कुठले डॉक्टर हो तुमचे? मला चार मिनिटांत बाहेर काढलं. “टेन्शन घेऊ नका” आणि चिठ्ठी. मान वर करून बघितलंही नाही. लोक झाडपाल्याकडे का जातात यावर कुणी बोलणार आहे का?

कंपाउंडरबुवा
आणि पेशंट काय सांगतात ते? वीस वर्षं काउंटरमागे उभा आहे. “आणखी काही घेता का?” विचारलं की “नाही”. पिशवीतून पडतात तीन बाटल्या. वर डोळे आमच्यावर वटारायचे.

मीच_ती
कारण सांगितलं की ओरडा खायचा! “हे असलं काही घ्यायचं नाही” म्हणतात. का, ते सांगत नाहीत. एकदा ओरडा खाल्लेला माणूस दुसऱ्यांदा तोंड उघडेल?

कंपाउंडरबुवा
जीव कुणाचा आहे मग? डॉक्टरचा?

सरळरेघ
आपण मूळ विषयापासून भरकटतोय.

मीच_ती
हाच मूळ विषय आहे. एन्झाइम राहू द्या बाजूला.

पानगळ
मीच_ती, पटतंय. मला कुणी “औषध” न म्हणता “काढा, पावडर, कॅप्सूल, काहीही” असं विचारलं असतं तर बाटली पर्समधून काढून टेबलावर ठेवली असती. कंपाउंडरबुवा, उद्यापासून तसं विचारून बघा.

कंपाउंडरबुवा
बघतो. आता एक कामाचं. हे घेणारे बरेच जण घाबरून सर्ट्रालिनसुद्धा सोबत चालू ठेवतात, “डबल असर” म्हणून. दोन्ही मिळून सेरोटोनिन सिंड्रोम (मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन अति होणं) होऊ शकतो: थरथर, घाम, ताप, गोंधळ. आणि उलट बाजूने, चालू गोळी एकदम कचऱ्यात टाकली तर रानवारांनी सांगितलेले ते विजेचे झटके. बदल करायचाच असेल तर डॉक्टरच्या देखरेखीखाली, टप्प्याटप्प्याने. वर्ट बंद केल्यावरही यकृत साधारण दोन आठवडे तसंच जोरात असतं. आज सोडलं, उद्या निर्धास्त, असं नाही. आणखी एक: बाटल्याबाटल्यांत अर्काचं प्रमाण सारखं नसतं. त्या २००२ च्या चाचणीतलं रोज ९०० ते १५०० मिलिग्रॅम आणि तुमच्या कॅप्सूलमधलं, याचा ताळमेळ कोण लावणार?

रानवारा
ठीक. ‘शून्य’ काढलंय पोस्टमधून. ‘कचऱ्यात टाका’ही काढलंय. दुसरं औषध चालू असेल तर आधी विचारा, ही ओळ घातली. बाकी एक अक्षर बदलणार नाही. मला गुण आला आहे आणि तो कुणाच्या आढाव्याने जाणार नाही.

तिरकस
अभिनंदन. आता बदाम किती?

रानवारा
एकतीस.

पानगळ
बत्तीस. मी टाकला आत्ता.