नेपाळ की भूतान? महिनाअखेरपर्यंत कळवायचंय, मदत हवी आहे

पाऊलवाट
नमस्कार मंडळी. पुढची काही वर्षं हिमालयात जाऊन राहायचं असं आम्ही ठरवलंय. नेपाळमधलं पोखरा आणि भूतानमधलं पारो, दोन्हीकडे बोलणी चालू आहेत. पोखऱ्याच्या माणसाला या महिनाअखेर हो की नाही ते सांगायचंय. राहणं, व्यवसाय आणि फिरणं या तिन्ही दृष्टीनं कोणता देश बरा? जे वाचायला मिळतं ते सगळं पाच दिवसांच्या सहलीवाल्यांसाठी लिहिलेलं आहे. 'दोन्ही छान आहेत' असं नको, सरळ एक नाव सांगा.

सह्यवारी
व्यवसाय कोणता? भांडवल किती? मुलं आहेत का? पासपोर्ट भारतीयच ना? यातलं काहीच लिहिलेलं नाही, मग नाव कशावरून सांगायचं?

डोंगरयात्री
भूतान! दुसरा विचारच नको. किमान ६० टक्के जमीन कायम जंगलाखाली राहिली पाहिजे हे त्यांच्या राज्यघटनेतच आहे, आणि जंगल प्रत्यक्षात त्याहून जास्त आहे. शरदात पारोच्या खोऱ्यात पिवळा पडलेला भात आणि पत्र्याच्या छपरांवर वाळत घातलेल्या लाल मिरच्या बघाल तर परत यावंसं वाटणार नाही.

मुद्देसूद
डोंगरयात्री, ते पाहुण्यासाठी झालं. हे राहायला निघालेत. भूतानमध्ये भारतीय पर्यटकाला प्रवेश परवाना लागतो आणि माणशी एका रात्रीला १,२०० ङुल्ट्रम शाश्वत विकास शुल्क पडतं. ङुल्ट्रम हे तिथलं चलन रुपयाच्या बरोबरीनं चालतं, म्हणजे दोघांचे ३० रात्रींचे ७२,००० रुपये नुसतं शुल्क; खोली आणि जेवण वेगळं. ते टाळून राहायचं तर कामाचा परवाना हवा, आणि तो तिथल्या मालकाला तुमच्यासाठी काढावा लागतो. नेपाळमध्ये भारतीयाला व्हिसा नाही, मुक्कामाची मुदत नाही. राहण्यापुरतं बोलायचं तर तुलनाच नाही.

पाऊलवाट
व्यवसाय म्हणजे गेस्टहाऊस आणि ट्रेक, डोंगरात दुसरं काय करणार! पोखऱ्याला लेकसाइडजवळ १२ खोल्यांचं गेस्टहाऊस चालवायला मिळतंय. पुढे एखादा होमस्टे आणि स्वतःची ट्रेकिंग एजन्सी काढायची आहे. पारोला ओळखीच्यांच्या हॉटेलात मॅनेजरची नोकरी आहे. पासपोर्ट भारतीय. आता सांगा.

सह्यवारी
म्हणजे एकीकडे धंदा आणि दुसरीकडे नोकरी! हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. पारोची नोकरी असेल तर परवान्याचं काम हॉटेलवाले करतील आणि ते रोजचं शुल्कही लागणार नाही. वरचा ७२,००० चा हिशोब तुम्हाला लागू नाही.

हिमगंध
मग नेपाळच घ्या. १९५० च्या मैत्री कराराच्या ७ व्या कलमात राहणं, मालमत्ता, व्यापार, सगळ्याला परस्पर मुभा दिलेली आहे. आपल्याला तिथे कुणी अडवत नाही.

मुद्देसूद
कलम आहे, पण त्याच्या भरवशावर पैसे घालू नका. नेपाळमध्ये परदेशी माणसाच्या नावावर जमीन होत नाही आणि त्यात भारतीयही आले. व्यवसायाचं तर आणखी कडक आहे. २०१९ च्या परकीय गुंतवणूक कायद्याला एक परिशिष्ट आहे, ज्या क्षेत्रांत बाहेरचा पैसा चालत नाही त्यांची यादी. ट्रॅव्हल एजन्सी, ट्रेकिंग आणि गिर्यारोहणाचे गाइड, होमस्टेसह ग्रामीण पर्यटन, हे सगळं त्यात आहे. घरगुती आणि लघु उद्योगही आहेत. म्हणजे तुमचे दोन बेत थेट यादीत आहेत. हॉटेलात गुंतवणूक करता येते, पण किमान रक्कम २ कोटी नेपाळी रुपये. आपल्या एका रुपयाला १.६ नेपाळी रुपये असा दर धरला तर आपले सव्वा कोटी.

पाऊलवाट
पण पोखऱ्याचा माणूस म्हणतो की कागद त्याच्या नावावर राहतील, मी फक्त पैसे घालायचे आणि चालवायचं. बरेच जण असंच करतात म्हणे.

उत्तरायण
पाऊलवाट, कृपा करून थांबा. मी हेच केलं होतं. जागेचा भाडेकरार भागीदाराच्या नावावर, वडा कार्यालयाची (म्हणजे तिथल्या प्रभाग कार्यालयाची) शिफारस त्याच्या नावावर, काउंटरमागच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेलं नोंदणीचं प्रमाणपत्रही त्याचंच. गाद्या, गीझर, गच्चीवरचं स्वयंपाकघर माझ्या पैशाचं. मोसम चांगला गेला आणि त्यानं भागीदारी मोडली. वकिलाकडे गेलो तर त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, 'कागदावर तुम्ही कुठे आहात?' कुठेच नव्हतो. माणूस चांगला की वाईट हा मुद्दा नाही. भांडण झालं तर दाद मागायला तुमच्याकडे काहीतरी असलं पाहिजे.

हिमगंध
प्रत्येक भागीदार असा नसतो हो. माझ्या ओळखीत कित्येक वर्षं सुरळीत चाललेली उदाहरणं आहेत. नेपाळी माणूस शब्दाला जागतो.

उत्तरायण
असतील, आणि मला त्या देशाबद्दल आजही मायाच आहे. म्हणूनच लिहिलं. शब्दावर घर चालतं, सव्वा कोटीचा व्यवहार चालत नाही.

नकाशावाला
पारो आणि पोखरा सोडून गेलेफू बघा. भूतानच्या राजांनी डिसेंबर २०२३ मध्ये 'गेलेफू माइंडफुलनेस सिटी' जाहीर केली. ते स्वतंत्र कायद्यांचं विशेष क्षेत्र आहे आणि बाहेरच्या गुंतवणूकदारांसाठीच ते उभं राहतंय. आसाममधल्या कोक्राझारहून रेल्वेही होणार आहे. आत्ता जो शिरेल तो पुढे राहील.

डोंगरयात्री
गेलेफू आसामच्या सीमेवर सपाटीला आहे, उन्हाळ्यात घामाच्या धारा लागतात. यांना हिमालयात राहायचंय.

गिरीप्रेमी_बाबा
ट्रेकचा विषय निघालाय म्हणून सांगतो. भूतानमध्ये १९९४ पासून ६,००० मीटरच्या वरची शिखरं चढायला बंदी होती आणि २००३ पासून गिर्यारोहणच बंद आहे. त्यामुळे गांगखर पुएनसुम या तिथल्या सर्वांत उंच शिखरावर आजही कुणी पोचलेलं नाही. पवित्र मानलेला डोंगर तसाच ठेवणारा देश मला फार मोठा वाटतो.

हिमगंध
पण ट्रेकरला पर्याय नेपाळमध्येच जास्त. अन्नपूर्णा, लांगटांग, मुस्तांग, हव्या त्या खर्चात.

गिरीप्रेमी_बाबा
आणि गर्दीही तिथेच. ४०३ किलोमीटरचा ट्रान्स भूतान ट्रेल २०२२ मध्ये पुन्हा खुला झाला. तो चालून बघा, मग बोलू.

सह्यवारी
मूळ प्रश्न ट्रेकचा नाही, पोट भरण्याचा आहे. कृपया धाग्यावर या.

चाकंफिरती
गाडी नेणार असाल तर नीट ऐका. नेपाळमध्ये भारतीय नंबरची गाडी भन्सार (तिथलं सीमाशुल्क) भरून वर्षात ३० दिवसच ठेवता येते. भूतानमध्ये फुंटशोलिंग या सीमेवरच्या गावाच्या पुढे गाडीला दिवसाला ४,५०० ङुल्ट्रम. नेपाळच्या विमानाला आधार कार्ड चालत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. १५ वर्षांखालच्यांना आणि ६५ वर्षांवरच्यांनाच सूट.

पाऊलवाट
गाडी नाही नेणार. मुलीचं मात्र विचारायचं राहिलं. ती सातवीत आहे. शाळांचं काय?

सह्यवारी
सातवीतली मुलगी आणि हे आत्ता सांगताय!

अक्षरगंगा
मी थिंफूत शिकवलं आहे, म्हणून अधिकारानं लिहिते. भूतानमध्ये शिक्षणाचं माध्यम इंग्रजी आहे, पण झोंखा ही तिथली राष्ट्रभाषा सगळ्यांना शिकावी लागते. सातवीच्या वर्गात पहिल्यांदाच झोंखा वाचायला बसलेल्या मुलाची फार ओढाताण होते. त्यांचं वर्ष थंडीनंतर सुरू होऊन डिसेंबरात संपतं, म्हणजे आपल्या वेळापत्रकाशी जुळत नाही. पोखऱ्याला इंग्रजी माध्यमाच्या खाजगी शाळा आहेत, वर्ष वैशाखात सुरू होतं आणि देवनागरी लिपी ओळखीची. मुलीपुरतं विचाराल तर पोखरा. शिवाय पारो २,२०० मीटरवर आहे. घरात कुणाला दमा असेल तर तोही विचार करा. पोखरा ८०० मीटरच्या आसपास आहे, फक्त पावसाळा जबरदस्त.

नकाशावाला
सप्टेंबर २०२५ विसरलात का? काठमांडूत संसद जाळली, सरकार पडलं, विमानतळ बंद होता. पर्यटनाच्या धंद्याला हे परवडतं का?

हिमगंध
आणि त्यानंतर महिन्याभरात ट्रेकर परत आले होते. आम्ही तेव्हा तिथेच होतो.

मुद्देसूद
धंद्यात एखादा मोसम बुडेल असं धरूनच चालावं लागतं, ते खरं आहे. पाऊलवाट, तुमच्यासाठी माझं उत्तर: राहायला पोखरा, गेस्टहाऊस नको. तिथे भाड्यानं घर घ्या आणि इथून ट्रेकचे गट न्या. एप्रिल २०२३ पासून परदेशी ट्रेकरला नोंदणीकृत एजन्सीमार्फत परवानाधारक गाइड घेणं सक्तीचं आहे, म्हणजे स्थानिक एजन्सी तुम्हाला लागणारच. ती त्यांची राहू दे, ग्राहक तुमचे. गटाचा हिशोब लेखी करारानं.

पाऊलवाट
सगळ्यांचे आभार. पोखऱ्याच्या माणसाला कळवलं की नावावर काही नसताना पैसे घालणार नाही. त्याचं उत्तर आलेलं नाही. मुद्देसूद, अशा करारात गट रद्द झाला तर आगाऊ रक्कम कुणाकडे राहते? आणि पोखऱ्याच्या ओळखीच्या एखाद्या वकिलाचं नाव व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) कळवाल का?

उत्तरायण
व्यनि केला आहे. आगाऊ रकमेचं कलम करारात आधी लिहून घ्या, गाइड आणि भरियांचे (हमालांचे) पैसे त्यातूनच आधी जातात.

चाकंफिरती
बाइक असली तरी भन्सार लागतंच बरं का.