मदत हवी आहे: वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू असताना दाढ काढायची आहे

आईच्या हृदयात मायट्रल झडपेच्या जागी मेकॅनिकल झडप आहे. तिला अपिक्साबॅनसारख्या नव्या गोळ्या चालत नाहीत, त्यामुळे वॉरफरिन कायमचं. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा; जास्त म्हणजे रक्तस्रावाचा धोका) २.५ ते ३.५ मध्ये ठेवायचा आहे, सध्या ३.१ आहे. दातांचे डॉक्टर म्हणतात, पाच दिवस गोळी बंद करा. मला त्याचीच धास्ती वाटते. हिरडीतलं रक्त दाबून, टाके घालून थांबवता येतं. झडपेवर गुठळी झाली तर पक्षाघाताची भीती. हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय काही बदलणार नाही. पण कुणाच्या घरी गोळी न थांबवता दाढ काढली आहे का? रक्तस्राव थांबवणाऱ्या ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिडच्या गुळण्या दिल्या होत्या का? नंतर अँटिबायोटिक कोणतं दिलं? मेट्रोनिडॅझोल या अँटिबायोटिकने आयएनआर चढतो, म्हणून हे आवर्जून विचारतेय.