मदत हवी आहे: एचपी५ सोडून फोमापान ४०० लावली, शॅडो रिकाम्या येतायत (डी-७६, नवी मुंबईचं उन्हाळ्यातलं पाणी)

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं मी एकच फिल्म वापरत आलेय, इल्फर्ड एचपी५ प्लस. पेंटॅक्स के१०००, ५० ची एफ/२ लेन्स, आणि रोल घरीच धुते, कोडॅक डी-७६ डेव्हलपर एकास एक (एक भाग डेव्हलपर, एक भाग पाणी), २० डिग्रीला ११ मिनिटं. या जोडीवर माझा पूर्ण भरवसा आहे. पण रोलचे भाव आता असे झालेत की शटर दाबताना हात आखडतो, आणि जे काम हातात घेतलंय त्यात हात आखडून चालणारच नाही, म्हणून फोमापान ४०० घेतली. पहिला रोल धुतला आणि अडले, म्हणून हा धागा.

काम काय ते आधी सांगते, कारण उत्तर त्यावरच अवलंबून आहे. वाशीच्या एपीएमसीत, कांदा-बटाटा मार्केटला, माथाडी कामगारांचे फोटो काढतेय. माझे वडील तिथेच होते, जावळीकडून आलेले, आता निवृत्त, आम्ही कोपरखैरण्यात राहतो. त्यांच्या टोळीतले जे अजून काम करतायत ते पण एकेक करून गावाला परत चाललेत, मुकादम ओळखीचे आहेत म्हणून मला आत कुणी अडवत नाही, आणि हे सगळे लोक तिथे आहेत तोवर त्यांचे नीट, कागदावर प्रिंट करता येतील असे फोटो हवेत मला. मोबाइलवर काढलेले आहेत पुष्कळ, पण मला निगेटिव्ह हवीय.

आता उजेड. पहाटे गाड्या खाली होत असतात तेव्हा शेडखाली नुसते एलईडी बल्ब, तेही गाळ्यांच्या तोंडाशी. माणूस डोक्यावर बारदान दुमडून घेतो, त्यावर गोणी, आणि मान थोडी पुढे, त्यामुळे कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळा चेहरा गोणीच्या सावलीत जातो, फक्त गालाच्या हाडावर आणि घामाने ओल्या मानेवर उजेडाची एक रेघ राहते. ४०० ला (म्हणजे फिल्मचा स्पीड, आयएसओ, ४०० धरून) मीटर देतो १/३० आणि एफ/२. एचपी५ वर त्या सावलीतही डोळे दिसतात. फोमावर त्याच जागी निगेटिव्ह जवळजवळ कोरी, स्कॅन कितीही ओढला तरी काळाच येतो, आणि बल्ब मात्र जोरात, त्यांच्याभोवती दुधाळ कडं. वेळ कंपनीच्या डेटाशीटप्रमाणेच दिली होती.

तरी मला ही फिल्म सोडवत नाहीये. जिथे उजेड पुरलाय तिथे ग्रेन इतका सुंदर आलाय, बारदानाची वीण, कांद्याची सुटलेली सालं, वजनकाट्याचा गंजलेला पत्रा, हे सगळं एचपी५ पेक्षा जास्त खरखरीत आणि जास्त जवळचं वाटतं.

तर विचारायचंय हे की शॅडो रिकाम्या येण्याचं कारण एक्स्पोजर की डेव्हलपिंग, ते नुसत्या निगेटिव्हवरून कसं ओळखायचं. वेळ वाढवली तर चेहरे येतील का? दुसरं म्हणजे पाणी, गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी सध्या ३० च्या वर असतं, डेव्हलपर मी बर्फाच्या टबात २० ला आणते पण स्टॉप बाथ (डेव्हलपिंग थांबवणारं द्रावण), हायपो (फिक्सर) आणि नंतरचं धुणं नळाच्याच पाण्यात होतं, एचपी५ ने कधी तक्रार केली नाही पण फोमाचा इमल्शन (फिल्मवरचा चित्र उमटणारा थर) नाजूक असतो असं ऐकलंय, ओल्या फिल्मवर बारीक ओरखडे पण दिसतायत मला. आणि पाऊस आला की रीलवर फिल्म अडकते ते वेगळंच. ठाणे-नवी मुंबईत घरी धुणारे कुणी असाल तर प्लीज सविस्तर लिहा, इथली हवा आणि इथलं पाणी माहीत असलेल्या माणसाचं उत्तर हवंय.

प्रतिसाद (ऐरोली)

ताई, आधी एक गोष्ट बघून सांगा. फिल्मच्या कडेला फ्रेमचे आकडे आणि कंपनीचं नाव असतं ना, ते निगेटिव्हवर कसे आलेत, ठळक काळे की फिके? ती अक्षरं कारखान्यातच एक्स्पोज झालेली असतात, तुमच्या कॅमेऱ्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. ती फिकी असतील तर डेव्हलपिंग कमी पडलंय. ती ठळक असून फोटोतल्याच शॅडो कोऱ्या असतील तर फिल्मपर्यंत उजेडच पोचला नाही, मग वेळ वाढवून फक्त बल्ब आणखी फुटतील, चेहरे येणार नाहीत. फोमाचा बेस थोडा करडा असतो, ते फॉग (फिल्मभर आलेला नको असलेला काळपटपणा) समजू नका.

धागाकर्ती

आकडे एकदम ठळक आहेत! एचपी५ च्या जुन्या पट्टीशेजारी ठेवून बघितले, तितकेच काळे. म्हणजे एक्स्पोजरच.

प्रतिसाद (ऐरोली)

मग सरळ आहे. फोमापान ४०० च्या डब्यावर ४०० लिहिलेलं असलं तरी वापरणारे बहुतेक जण ती २०० ते २५० ला लावतात, डी-७६ सारख्या साध्या डेव्हलपरमध्ये शॅडो तेवढ्यालाच भरतात. त्यात के१००० चा मीटर अख्ख्या फ्रेमची सरासरी धरतो, फ्रेममध्ये उघडा बल्ब आला की तो सांगतो उजेड भरपूर आहे. त्यामुळे बल्ब टाळून, जवळ जाऊन सावलीतल्या चेहऱ्यावर मीटर घ्या आणि तिथून एक स्टॉप (म्हणजे उजेड निम्मा) बंद करा. शॅडोसाठी एक्स्पोज करायचं आणि हायलाइटसाठी धुवायचं हा जुना नियम आहे, तुमच्या शेडखाली तो अक्षरशः लागू पडतो. म्हणजे २०० ला काढा आणि धुण्याचा वेळ १५ ते २० टक्के कमी करा, फिल्म धुण्याचा डबा दर मिनिटाला दोन-तीनदाच उलटा करा, जास्त नाही, बल्ब आपोआप आवरतील. त्यांच्याभोवतीचं कडं पूर्ण जाणार नाही, या फिल्मचा तो स्वभावच आहे.

अजून एक, एकास एक करताना डब्यात एकूण किती भरता? पॅटरसनच्या डब्याच्या बुडाशी एका ३५ एमएम रोलला २९० मिली लिहिलंय, पण त्यात डी-७६ निम्माच असतो. कोडॅकचं म्हणणं एकास एकला प्रत्येक रोलमागे ४७३ मिली द्रावण असावं, त्याच्या निम्म्यात धुवायचं असेल तर वेळ १० टक्के वाढवा. मी दोन रीलचा डबा घेऊन त्यात एकच रोल घालतो, वरचं रील रिकामं, आणि द्रावण पूर्ण भरतो.

धागाकर्ती

२०० ला काढायचं म्हणजे १/३० चं १/१५ होणार. गोणी घेऊन चालणारा माणूस १/१५ ला हललेलाच येतो, आणि ते थांबत नाहीत, मी थांबवणारही नाही, टोळीचं काम खोळंबतं. इथेच माझी खरी अडचण आहे.

प्रतिसाद (घोडबंदर रोड)

ताई, तो एक स्टॉप लेन्समधून काढा. पेंटॅक्सच्या के माउंटला ५० ची एफ/१.४ सेकंडहँड मिळते, एफ/२ ते एफ/१.४ बरोबर एक स्टॉप, म्हणजे २०० ला पण तुमचा १/३० टिकला. फोकस मात्र जपून, त्या उघडीपीला जवळच्या चेहऱ्याचा एक डोळा शार्प आणि दुसरा नाही असं होतं. बोरा बाजारातल्या दुकानांत चौकशी करा, लेन्स उजेडासमोर धरून फंगस बघितल्याशिवाय घेऊ नका, आपल्या दमट हवेत जुन्या काचांना ते हमखास असतं.

आणि माझं मत विचाराल तर दोन फिल्मांची वाटणी करा. पहाटेच्या अंधारातलं काम एचपी५ वरच ठेवा, ती ८०० आणि १६०० ला पुश केली (तेवढा स्पीड धरून काढली आणि जास्त वेळ धुतली) तरी सांभाळून घेते, अर्थात पुश करून शॅडोत नवीन काही उगवत नाही, मधले टोन वर येतात एवढंच. फोमा दिवस उजाडल्यावर लावा, शेडच्या कडेने तिरका उजेड आत येतो तेव्हा. त्या वेळी २०० ला १/१२५ आरामात मिळेल आणि तो ग्रेन पण नीट वापरला जाईल. डेव्हलपर बदलायचा असेल तर इल्फर्डचा मायक्रोफेन शॅडोत थोडा स्पीड जास्त देतो, पण एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही. रॉडिनल डेव्हलपर एकास शंभर करून तासभर ठेवून द्या असा सल्ला कुणी देईल, आपल्याकडे मे महिन्यात तासाभरात डबा खोलीच्या तापमानाला येतो, त्या वाटेला जाऊ नका.

प्रतिसाद (नौपाडा, ठाणे)

बाळा, तुझा धागा वाचून फार बरं वाटलं. आमचा ठाण्यात स्टुडिओ होता, उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची इंदू फिल्म यायची तेव्हापासून मी रोल धुतोय, तेव्हा एसी नव्हता आणि बर्फ लग्नसराईत मिळायचा नाही. तापमानाबद्दल सांगतो. २० च्या मागे लागू नकोस. सगळं २४ ला कर, पण सगळं म्हणजे सगळं, डेव्हलपर, स्टॉप, हायपो, धुण्याचं पाणी. फिल्मला उष्णतेपेक्षा अचानक बदल जास्त बाधतो, २० मधून ३२ च्या पाण्यात गेली की इमल्शन फुगतो, मऊ होतो आणि मग नुसतं बोट लागलं तरी ओरखडा. तुझे ओरखडे मला तिथलेच वाटतात.

इल्फर्डचा हिशोब असा आहे की २० ला ४ मिनिटं असतील तर २३ ला ३ मिनिटं. त्या प्रमाणात तुझी एचपी५ ची ११ मिनिटं २४ ला साधारण साडेसात होतात. फोमाची वेळ त्याच पटीत कमी कर, फक्त ५ मिनिटांच्या खाली जाऊ देऊ नकोस, डबा भरायला आणि रिकामा करायला जो वेळ जातो त्यानेच पट्टे पडतात. म्हणून उन्हाळ्यात एकास एकच बरं, नुसत्या स्टॉकने (पाणी न मिसळलेल्या डेव्हलपरने) वेळ फार आखूड होते. आदल्या रात्री माठात पाणी भरून ठेव, नळापेक्षा बरंच थंड राहतं, वरून थोडा बर्फ पिशवीत घालून सोड. सगळ्या बाटल्या एकाच टबात अर्धा तास उभ्या कर. धुण्यासाठी नळ सोडून ठेवायची गरज नाही, हायपोनंतर डबा भर आणि ५ वेळा उलट, पाणी बदल आणि १०, पुन्हा बदल आणि २०, पुरतं.

आता तुरटी. आम्ही हायपोत पोटॅश तुरटी घालायचो, इमल्शन कडक व्हायला. कोडॅकचा एफ-५ म्हणून फिक्सर आहे त्यात ती असते, पण सोबत सोडियम सल्फाइट, अॅसिटिक अॅसिड आणि बोरिक अॅसिड पण असतं. नुसत्या साध्या हायपोत तुरटी टाकलीस तर गंधक सुटून पाणी दुधासारखं होईल, आणि हल्लीच्या रॅपिड फिक्सरमध्ये तर अजिबात टाकू नकोस. प्रिन्सेस स्ट्रीटला केमिकलवाल्यांकडे सगळं सुटं मिळतं. तुरटीच्या फिक्सरनंतर मात्र धुणं जास्त लागतं, वर सांगितलेलं तीन पाण्याचं धुणं तिथे चालणार नाही. कुठलाही हायपो असो, लीडरचा (फिल्मच्या सुरुवातीच्या टोकाचा) तुकडा उजेडातच त्यात टाकायचा, पारदर्शक व्हायला लागेल त्याच्या दुप्पट वेळ फिल्म ठेवायची.

शेवटचं पाणी डिस्टिल्ड, पेट्रोल पंपावर बॅटरीचं मिळतं ते चालेल. आणि ओल्या फिल्मवरून बोटं किंवा स्क्वीजी (पाणी निपटायची रबरी पट्टी) फिरवू नकोस, फोमावर तर नाहीच.

प्रतिसाद (खारघर)

पावसाळ्यातल्या रीलबद्दल. चेंजिंग बॅगमध्ये (अंधारात फिल्म चढवायच्या काळ्या पिशवीत) पाच मिनिटांत हाताला घाम येतो आणि आतली हवाच दमट होते, प्लास्टिकच्या रीलमधल्या छोट्या गोळ्या चिकटतात आणि फिल्म पुढे सरकत नाही. रील आदल्या दिवशी धुऊन हेअर ड्रायरने सुकवा, लीडरचे दोन्ही कोपरे तिरके कापा, आणि बॅगेऐवजी रात्री बाथरूमची खिडकी काळ्या कापडाने बंद करून तिथे लोड करा, दाराखाली टॉवेल. आंघोळीनंतर लगेच नको. मी शेवटी स्टीलच्या रीलवर आलो, ओली असली तरी फिल्म चढते, हात बसायला जुना वाया गेलेला रोल घेऊन उजेडात सराव करा. वाळवायला मात्र तेच बाथरूम बरं, धूळ कमी असते, दार बंद आणि आत कुणी जायचं नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं. काका, तुम्ही लिहिलंय ते मी वहीत उतरवून घेतलंय, वडिलांनाही वाचून दाखवलं, ते म्हणाले माठ आजच भरून ठेव.

आता असं ठरवलंय. पहाटेला एचपी५, उजाडल्यावर फोमा. पुढच्या फोमाच्या रोलवर आधी चाचणी, एकाच गाळ्यासमोर एकच माणूस (वडिलांचे जुने सोबती उभे राहायला तयार आहेत), चेहरा सावलीत, ४००, २०० आणि १०० ला एकेक फ्रेम, बाकीच्या रोलभर तेच पुन्हा. डबीतून अंधारात थोडी फिल्म कापून आधी तेवढीच धुईन, २४ डिग्रीला, वेळ कमी करून, डब्यात ४७३ मिली भरून. स्कॅनच्या आधी निगेटिव्ह खिडकीशी धरून बघेन, ज्या फ्रेममध्ये डोळ्यांच्या जागी काहीतरी दिसतं तीच माझी स्पीड. डेव्हलपर आत्ता बदलत नाही.

दोन गोष्टी राहिल्या. काका, एफ-५ नंतर हायपो लवकर निघावा म्हणून मध्ये सोडियम सल्फाइटचं पाणी दिलं तर चालेल का, आणि किती टक्क्यांचं? आणि खारघरवाले दादा, स्टीलचं रील कुठून घेतलंत, की कुणाकडे वापरात नसलेलं एखादं आहे? वाशी, नेरूळ, ठाणे कुठेही येऊन घेऊन जाईन.