बेलुगाला एवढी चरबी, मग तो उन्हाळ्यात कोमट पाण्यात का जातो?

परभणी_विज्ञान: सातवीच्या वर्गाला प्राण्यांचं अनुकूलन शिकवताना बेलुगा देवमाशाचं उदाहरण घ्यायचं आहे. पाठीवर पर नाही, कातडीखाली 10 ते 15 सेंटिमीटर चरबी, बर्फाखाली पोहायची सोय, इथपर्यंत लेकरांना पटतं. पुढं अडतं. थंडीसाठीच घडलेला हा प्राणी दर उन्हाळ्यात हजारोंनी नद्यांच्या उथळ, कोमट मुखाशी का गोळा होतो? "पिल्लं घालायला" एवढंच कारण आहे का? शिवाय चरबीचं काम वर्गात दाखवता येईल असा प्रयोग हवा. शाळेत काचेचे थर्मामीटर आहेत, बाकी सामान बाजारातूनच आणावं लागेल.

नांदेड_प्राणिशास्त्र: सर, पिल्लांचा संबंध आहे, कारण त्यांची चरबी पातळ असते. पण मोठं कारण कातडी. बेलुगा दर उन्हाळ्यात कात टाकतो. इतर बहुतेक देवमाशांची कातडी वर्षभर थोडी थोडी झडत राहते, याची मात्र ठरावीक हंगामात. नवी कातडी वाढायला तिथवर भरपूर रक्त पोचावं लागतं. गोठणबिंदूजवळच्या पाण्यात अंगातली उष्णता राखण्यासाठी कातडीकडचा रक्तपुरवठा आवळलेला असतो. तिथं कातडी वाढवायची म्हणजे उष्णता पाण्यात ओतायची. कोमट आणि कमी खारट पाण्यात हेच काम स्वस्तात आणि लवकर होतं.

कॅनडातल्या सॉमरसेट बेटावर कनिंगहॅम इनलेट नावाची खाडी आहे. तिथं बेलुगा तळाच्या गोट्यांवर अंग घासून जुनी, पिवळट पडलेली कातडी काढताना दिसतात. हडसन उपसागराच्या पश्चिम किनाऱ्यावर चर्चिल, सील आणि नेल्सन या नद्यांच्या मुखांशी तर उन्हाळ्यात 50 हजारांहून अधिक बेलुगा असतात.

उथळ पाण्यात ऑर्का या शिकारी देवमाशापासूनही बचाव होतो. धोका ओहोटीचा. पाणी उतरलं की काही बेलुगा चिखलात अडकतात. बरेचसे पुढच्या भरतीला सुटतात, पण तोवर ध्रुवीय अस्वल आलं तर सुटका कठीण.

जालना_प्रयोग: प्रयोगाचं सांगतो. एकाच मापाच्या चार झिपच्या पिशव्या आणि 250 ग्रॅम डालडा घ्या. एका पिशवीत डालडा घालून दुसरी तिच्या आत बसवा आणि बाहेरून दाबत डालडा सगळीकडून बोटभर जाड पसरवा. दोन्ही पिशव्यांच्या कडा चिकटपट्टीनं जोडून टाका. उरलेल्या दोन पिशव्या तशाच एकात एक घाला, मधे काही नाही. दोन्ही जोड्यांच्या आत 200 मिली पाणी ओता, 37 अंशांचं. मग दोन्ही एकाच बर्फाच्या बादलीत तोंड वर ठेवून बुडवा आणि 20 मिनिटं दर दोन मिनिटांनी तापमान लिहून घ्या. बर्फ रसवंतीवर मिळेल.

फसतं ते बहुधा रिकाम्या जोडीत. मधली हवा नीट दाबून काढली नाही तर तीही उष्णता अडवते आणि फरक झाकला जातो. पाणी 37 अंशांपेक्षा गरम घेऊ नका, डालडा पातळ होऊन तळाशी उतरतो. आपल्याकडं मार्चनंतर हा प्रयोग सकाळच्या तासालाच करावा. तापाचा थर्मामीटर चालणार नाही, तो 35 च्या खाली दाखवतच नाही.

नांदेड_प्राणिशास्त्र: प्रयोग चांगला आहे, वर्गात एक भर घाला. डालडा नुसताच उष्णता अडवतो. बेलुगाची चरबी जिवंत ऊती आहे, तिच्यात रक्तवाहिन्या असतात. त्या आवळल्या की उष्णता आत राहते, उघडल्या की बाहेर जाते. म्हणून तोच प्राणी बर्फातही टिकतो आणि कोमट नदीमुखातही.

परभणी_विज्ञान: दोघांचेही आभार. लेकरांचा आणखी एक प्रश्न आहे: जास्त पांढरा म्हणजे जास्त म्हातारा का?

लातूर_सागरी: लहान वयात रंगावरून अंदाज येतो, पुढं नाही. पिल्लू जन्मतः सुमारे दीड मीटर लांब आणि राखाडी असतं. वाढत्या वयात रंगद्रव्य कमी होत जातं आणि वयात येण्याच्या सुमारास किंवा त्यानंतर ते पूर्ण पांढरं होतं. काही माद्या राखाडी असतानाच आई होतात. एकदा पांढरा झाला की 20 वर्षांचा आणि 50 वर्षांचा बेलुगा रंगावरून ओळखता येत नाही.

खरं वय मेलेल्या बेलुगाच्या दातात सापडतं. दाताचा मधोमध उभा छेद घेऊन भिंगाखाली थर मोजतात. वर्षाला दोन थर पडतात असं बरीच वर्षं धरलं जायचं, त्यामुळं वय निम्मं निघे. 1950–60 च्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी हवेतून समुद्रात किरणोत्सारी कार्बन उतरला आणि त्या काळात वाढणाऱ्या दातांमधे तो साठला. त्याची खूण कोणत्या थरात आहे ते पाहिल्यावर वर्षाला एकच थर पडतो हे 2006 मधे पक्कं झालं. म्हणजे 60 थर मिळाले तर 60 वर्षं. म्हाताऱ्या बेलुगाच्या दाताचं टोक झिजलेलं असतं आणि सर्वांत जुने थर त्याच टोकाला असतात. तेव्हा मोजून आलेला आकडा "निदान एवढं वय" असाच वर्गात सांगा.