बीपीसाठी गळ्यावरचा रेन-यिंग बिंदू दाबणं: बाबांना थांबवू कसं? मदत हवी आहे

बाबा सत्तरी ओलांडलेले, बीपीची गोळी रोज चालू. बागेत फिरायला येणाऱ्या एका काकांनी त्यांना चिनी वैद्यकातला एक बिंदू दाखवलाय. कंठमण्याच्या पातळीला, बाजूला जिथे नाडी उडते तिथे. "दोन्हीकडून दाबून धरा, बीपी उतरतं." झालं! बाबा टीव्हीसमोर बसून दाबतात. परवा दाबतानाच डोळ्यांपुढे अंधारी आली, तर म्हणे, "बघ, उतरलं की नाही!"

शोधल्यावर कळलं की ही काकांची थाप नाही. चिनी वैद्यक शरीरात ऊर्जेच्या ज्या वाटा मानतं, त्यांतल्या जठर मार्गिकेवरचा हा नववा बिंदू, रेन-यिंग. 'हुआंगदी नेइजिंग' या चिनी वैद्यकाच्या प्राचीन ग्रंथाच्या लिंगशू भागात इथली नाडी मनगटाच्या नाडीशी ताडून निदान करायला सांगितलंय. आजही घशाचे विकार, दमा, रक्तदाब यांसाठी इथे सुई टोचतात.

गोम अशी की त्वचेखाली लगेच कॅरोटिड धमनी आहे, आणि ती दुभागते तिथे रक्ताचा दाब ओळखणारी चेतातंतूंची टोकं. बाहेरून दाबलं की त्यांना वाटतं दाब चढला, मग मेंदू ठोके मंद करतो. म्हणजे बीपी खरंच उतरतं, आणि मला भीती त्याचीच आहे. ठोके फार वेगाने पडत असतील तर डॉक्टरही कधीकधी तिथे दाब देतात, पण एकाच बाजूला, काही सेकंद, ईसीजी लावून. धमनीत चरबीचा थर असेल तर तुकडा सुटून मेंदूत जाऊ शकतो.

डॉक्टरांचं नाव काढलं की "ॲलोपॅथीवाले असंच म्हणणार." म्हणून ॲक्युपंक्चर शिकलेल्यांनाच विचारतेय: इथे बोटाने दाब देतात का? त्याऐवजी मानेमागचा फेंग-छी चालेल का?

प्रतिसाद:
ॲक्युपंक्चर करते. आधी त्यांना थांबवा आणि अंधारी आल्याचं डॉक्टरांना आजच कळवा. आम्ही इथे सुई घालायच्या आधी धमनी चाचपतो आणि तिला चुकवूनच घालतो. घरच्या घरी दोन्हीकडून दाबणं? अजिबात नाही.

बाबांना हुआंगफू मीचा दाखला द्या. तिसऱ्या शतकातला चिनी वैद्य, तो काही ॲलोपॅथीवाला नव्हे! त्याच्या ग्रंथात याच बिंदूपाशी लिहिलंय की सुई चार फेनच आत जावी, जास्त खोल गेली तर माणूस दगावू शकतो. फेन म्हणजे अंगठ्याच्या रुंदीचा दहावा भाग.

फेंग-छी कवटीच्या खालच्या कडेला, दोन स्नायूंमधल्या खळग्यात असतो. आखडलेल्या मानेला, डोकेदुखीला हलका दाब ठीक. बीपीसाठी त्याच्यावर विसंबू नका. हाताला चाळाच हवा असेल तर पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या मधल्या खाचेतून थोडं वर ताय-छोंग आहे, तो दाबू देत. गोळी मात्र चालूच.

धागाकर्ती:
खूप आभार! तिसरं शतक ऐकून बाबा एकदम नरमले. गळ्यावरचा हात सुटलाय. पायापर्यंत वाकता येत नाही म्हणून आता आईला कामाला लावलंय, आणि ती माझ्यावर चिडलीये. डॉक्टरांशी फोनवर बोलले, उद्या तपासायला बोलावलंय. जाताना गोळ्यांची पाकिटंही नेते.