‘दे इकडे, मी करतो’: हत्यार हातात घेणाऱ्या बायकांनो, तुमचे अनुभव लिहा

१९ वर्षं मी फिटरचं काम करतेय. या काळात एक वाक्य इतक्यांदा ऐकलंय की समोरच्याचा हात पुढे आला की ते येणार हे आधीच कळतं. ‘दे इकडे, मी करतो.’

म्हणणारा माणूस वाईट नसतो. बहुतेक वेळा त्याला मदतच करायची असते. पण पाना हातातून गेला की बोल्ट कुठे अडलाय, अजून किती पिळला तर आटे जातील, हे हाताला कळायचं राहून जातं. असं दहा वेळा झालं की मुलगी स्वतःहूनच पाना पुढे करायला लागते. मुली या कामांत कमी का, याचं निम्मं उत्तर मला तरी इथेच दिसतं.

परवा मावसभावाकडे गेले होते. त्याची मुलगी दाराची बिजागरी बसवत होती. दोन स्क्रू तिने व्यवस्थित आवळले, तिसरा जरा अडला आणि मागून भावाचा हात आला. चौथा स्क्रू तिने नुसता बघितला. तिला फिटरच्या कोर्सला जायचंय, घरात अजून होकार नाही.

तिच्यासाठी हा धागा काढतेय. वेल्डर, इलेक्ट्रिशियन, सुतार, गवंडी, प्लंबर, मेकॅनिक, कोणीही असा, लिहा. हत्यार पहिल्यांदा कोणी दिलं, कोणी काढून घेतलं, कशामुळे टिकलात. सोडलं असेल तर का, तेही लिहा. शिकवणारे उस्ताद आणि मुलींचे वडीलही लिहू शकतात.

*

ठिणगी

वेल्डर, ११ वर्षं. सुरुवातीला वेल्डिंगचा रॉड जॉबला, म्हणजे जोडायच्या लोखंडाला, चिकटतो, सगळ्यांचाच चिकटतो. पण माझा चिकटला की तीन माणसं धावत यायची. आमचे उस्ताद त्यांना हातानेच थांबवायचे आणि मला म्हणायचे, ‘मनगट वळव, झटका दे, सुटेल.’ सुटायचा. मग म्हणायचे, ‘आता कान दे.’ आर्क, म्हणजे रॉडच्या टोकाशी पेटणारी विजेची ठिणगी, बरोबर अंतरावर असला की एकसारखा चरचरतो. लांब गेला की आवाज फुटतो, फटफट होते, सगळीकडे थेंब उडतात. फार जवळ गेला की घुसमटतो आणि रॉड परत चिकटतो. हे ऐकायला मला महिना लागला. ज्या दिवशी हातोडीच्या एका टोल्यात स्लॅग, म्हणजे जोडावर जमणारा कडक थर, अख्खी पट्टीच्या पट्टी सुटून आली आणि खाली सारख्या लाटांची शिवण दिसली, त्या दिवशी मी तो तुकडा पिशवीत घालून घरी नेला. अजून आहे.

एक गोष्ट मात्र कोणी सांगितली नव्हती. हातमोजे सगळे मोठ्या मापाचे. बोटांची टोकं रिकामी लोंबायची, होल्डरची पकड कळायचीच नाही. दोन वर्षं मी धरून चालले होते की माझा हातच कच्चा आहे. माझ्या मापाचे मोजे मिळाले त्याच आठवड्यात शिवण सरळ यायला लागली. दोन वर्षं! म्हणून नव्या मुलींना माझं पहिलं सांगणं हेच: मोजे, बूट, हेल्मेट, उंचीवर चढायचा पट्टा, सगळं आपल्या मापाचं मागा. ते मिळेपर्यंत स्वतःला नालायक ठरवू नका.

आणि हेल्मेटच्या काळ्या काचेचा नंबर विचारून घ्या. रोजच्या आर्कच्या कामाला १० किंवा ११ नंबर लागतो. मी एकदा शेजारच्याचा आर्क उघड्या डोळ्यांनी बघितला. संध्याकाळपर्यंत काहीच नाही, मध्यरात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखं झालं.

*

टेस्टर

इलेक्ट्रिशियन. लोकांच्या दारात गेलं की पहिला प्रश्न, ‘मिस्त्री मागून येतायत का?’ मी म्हणते, मीच आले आहे, मेन स्विच कुठे आहे ते दाखवा. काम सुरू झालं की प्रश्न थांबतात.

माझ्या कामात ताकदीपेक्षा शिस्त लागते. मेन बंद करायचा, त्यावर आपलं कुलूप लावायचं, किल्ली आपल्याच खिशात. मग टेस्टर आधी चालू लाइनवर लावून तो चालतो याची खात्री करायची, मग बंद लाइन तपासायची, मग पुन्हा चालू लाइनवर लावून बघायचा, कारण टेस्टर मधेच बिघडला असेल तर तो खोटं बोलेल. घाई करणारी बरीच माणसं यातल्या दोन पायऱ्या गाळतात. मी कधीच गाळत नाही.

कॅरोलाइन हॅसलेट हे नाव मला फार उशिरा कळलं. १९१९ मध्ये ब्रिटनमध्ये विमेन्स इंजिनिअरिंग सोसायटी निघाली, त्या तिच्या पहिल्या सचिव. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या घरांमध्ये वायरिंग कसं असावं हे ठरवणाऱ्या समितीत त्या एकट्या बाई होत्या. त्या कामातून १९४७ चं प्लग-सॉकेटचं मानक आलं. अर्थची लांब पिन आधी आत जाते आणि तिच्यामुळेच बाकीच्या भोकांवरची झडप उघडते. लहान मुलाने भोकात खिळा घातला तर तो झडपेला अडतो. असं सॉकेट बसवताना मला दर वेळी बरं वाटतं.

*

रंधा

सुतारकाम वडिलांकडून, पण शिकवलं भावांना. मी भुसा झाडायचे. झाडता झाडता रंध्याचा आवाज कानात बसला. पातं धारदार असलं की सुईईई असा लांब आवाज येतो आणि छिलपट सलग निघतं, बोथट असलं की खरखरतं. एक दिवस मी तिकडूनच म्हणाले, ‘दादा, पातं लाव.’ वडिलांनी वर बघितलं आणि रंधा माझ्यापुढे धरला. धार मी लावली. माझं शिक्षण तिथून सुरू झालं.

*

ओळंबा

‘बायकांना झेपत नाही’ म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारते, मग घमेली कोण उचलत होतं? बांधकामावर बायका नव्या नाहीत. वजन उचलायला त्या होत्याच. थापी आणि ओळंबा दिला नाही, कारण थापी धरणाऱ्याला मजुरी जास्त असते. प्रश्न ताकदीचा असता तर वाटणी उलटी झाली असती.

मी १२ वर्षं मजूर म्हणून राबले आणि गवंडीकाम शिकायला ५ महिने लागले. विटेला मसाला किती, थापीच्या मुठीने ठोका कुठे द्यायचा, दर थराला ओळंबा सोडून बघायचं. बघून बघून निम्मं येतच होतं, फक्त करू देत नव्हते.

लंडनचा वॉटर्लू पूल दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधला गेला. पुरुष लढाईवर, म्हणून कामावर बायका मोठ्या संख्येने होत्या. १९४५ मध्ये उद्घाटनाच्या भाषणात गौरव झाला तो पुरुषांचा. मुलीने मला हे वाचून दाखवलं तेव्हा मी गप्प बसले. मी बांधलेल्या भिंतींबद्दलही ‘अमुक मिस्त्रीचं काम’ असंच बोलतात.

*

अठरा इंची

प्लंबर. ओळंबाताईंना जोडून लिहिते. गंजलेला जोड १० इंची पान्याने सुटत नाही, १८ इंची पान्याने त्याच जोरात सुटतो. दांडा लांब तेवढा पीळ जास्त. सिमेंटची ५० किलोची गोणी पुरुषांच्याही कमरेची वाट लावते. काही देशांत म्हणूनच २५ किलोच्या गोण्या आल्या. काम माणसाला सोपं केलं की सगळ्यांनाच सोपं होतं.

*

शिफ्ट सुपरवायझर

मी पुरुष आहे, माझी चूक लिहितो. शिकाऊ मुली आल्या की मी त्यांना नोंदी ठेवायला, माल मोजायला, तपासणीच्या टेबलावर बसवायचो. मला वाटायचं, मी त्यांची काळजी घेतोय. वर्ष संपताना एक मुलगी म्हणाली, ‘सर, मी वर्षभरात लेथ मशीन ४ वेळा चालवलं. माझ्या बॅचच्या मुलाने रोज चालवलं. परीक्षा मात्र दोघांना एकच.’ ती नापास झाली. ते माझ्यामुळे झालं.

आता कामाची पाळी भिंतीवर लावतो, प्रत्येकाला प्रत्येक मशीन. बॅचमध्ये एकटी मुलगी ठेवत नाही, निदान दोघी तरी. एकटी असली की तिची प्रत्येक चूक ‘मुलींची चूक’ होते. आतून कडी लागणारं स्वच्छतागृह मागायला मला ८ महिने पत्रं लिहावी लागली. ते झाल्यावर पुढच्या वर्षी अर्ज वाढले. मी दुसरं काहीच वेगळं केलं नव्हतं.

*

सोडलेली

विचारलंय म्हणून लिहिते. गाड्या दुरुस्त करायचे, ५ वर्षं. इंजिन उघडून बसवण्यात मला जो आनंद मिळायचा तो नंतर कशातच मिळाला नाही. जागेवर बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हतं, म्हणून सकाळी घरून निघाल्यावर मी पाणीच प्यायचे नाही. लघवीचा संसर्ग तीनदा झाला. वर एक माणूस पाना देताना हात धरायचा. तक्रार केली तर ‘एवढं चालायचंच’ असं उत्तर मिळालं. मी सोडलं. तो अजून तिथेच आहे.

मुलींना उत्साह द्या, जरूर द्या. पण पोस्टरवर हेल्मेट घातलेली हसरी मुलगी दाखवायच्या आधी ती दिवसभर पाणी पिऊ शकते का, एवढं बघा.

*

धागाकर्ती

सोडलेली, तुमचं लिहिणं वाचून काल रात्री झोप लागली नाही. तुम्ही कमी पडला नाहीत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१९ मध्ये कामाच्या ठिकाणच्या हिंसा आणि छळाविरुद्ध १९० क्रमांकाचा करार मंजूर केला. त्यात शिकाऊ उमेदवारसुद्धा धरलेत, म्हणजे ‘ती अजून कायम नाही’ ही पळवाट तिथे नाही. पण कागद जागेवर पोचवायला शिफ्ट सुपरवायझरांसारखा कोणीतरी चिवट माणूस लागतो.

भाचीला मी एवढंच सांगितलंय. प्रवेशाआधी वर्कशॉप कामाच्या वेळी जाऊन बघ. स्वच्छतागृहाची कडी लावून बघ. आधीच्या मुली कुठे लागल्या ते विचार, आणि शक्य तर त्यांच्यापैकी एकीशी बोल. पहिल्या महिन्यात मशीनवर किती तास, हे तोंडावर विचार. रोज काय केलं ते वहीत लिही, मापांसकट. आणि कोणी ‘दे इकडे’ म्हणालं तर पाना घट्ट धरून म्हण, ‘तुम्ही सांगा, मी करते.’

*

धागाकर्ती, तीन महिन्यांनी

धागा वर काढतेय. भाचीला प्रवेश मिळाला. हा धागा तिच्या वडिलांनी दोनदा वाचला. कालचा तिचा निरोप जसाच्या तसा:

‘आत्या, कानसकाम चालू आहे. लोखंडाचा ५० बाय ५० चा चौकोन करायचा आहे. सहा दिवस झाले. तीन कडा झाल्या. चौथीवर काटकोनी गुण्या लावून उजेडाकडे धरला तर एका टोकाला केसाएवढी फट दिसते. सरांनी तुकडा हातात घेतला, मला वाटलं आता तेच घासतील. त्यांनी फट कुठे आहे तिथे खडूने खूण केली आणि तुकडा माझ्या हातात परत दिला. तळहाताला फोड आलाय. उद्या ती कड संपवते.’