‘डालबर्जिया’ नाव हटवा म्हणे!

रानवाटा: परवा इथे कुणीतरी लिहिलं, ‘शिसवाच्या डालबर्जिया या प्रजातीला (genus) दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनाममधल्या गुलाम राबवणाऱ्या मळेवाल्याचं नाव आहे, हटवा.’ डोकं फिरलं. १७८२ साली स्वीडनच्या वनस्पतिशास्त्रज्ञ बाप-लेकांपैकी धाकट्या लिनियसने हे नाव दोघा डालबर्ग भावांसाठी दिलं. मळेवाला कार्ल गुस्ताव. दुसरा निल्स, डॉक्टर आणि वनस्पतींचा अभ्यासक. २०१७पासून जवळजवळ अख्खी प्रजाती ‘साइट्स’ या वन्यजीव-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे निर्यातीला परवाना लागतो. नाव बदललं की निर्यातीचे कागद, वनखात्याच्या याद्या, हर्बेरियमच्या (वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहातल्या) चिठ्ठ्या सगळं बदला. कोण बदलणार, तुम्ही?

निळाई: ‘कुणीतरी’ नाही, मीच लिहिलं. २०२४ला माद्रिदमध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांच्या परिषदेत ‘काफ्रा’चं, म्हणजे काळ्या लोकांना दिलेल्या शिवीवरून आलेल्या नावाचं, ‘आफ्रा’ झालं, २००हून अधिक जातींच्या नावांत. कुठे आभाळ कोसळलं?

रानवाटा: तिथे एक अक्षर गळलं, इथे अख्खी प्रजाती. आणि नाव आक्षेपार्ह आहे का हे तपासायचं, ते २०२६पासून छापल्या जाणाऱ्या नव्या नावांचं. अर्धंच वाचता.

रंधा: नाव डालबर्जिया ठेवा नाहीतर डालडा. शिसव आणि शिसम वेगळे, हे आधी दुकानदारांना शिकवा! बहिणीच्या लग्नात ‘अस्सल शिसवी’ दिवाण घेतला. पाय जरा तासला तर काळ्या पॉलिशखाली तपकिरी शिसम.

पेठकर: शिसमला नावं ठेवू नका. उत्तरेत कालव्याकाठी, रस्त्याकडेला लावलेलं झाड, पण तेही डालबर्जियाच, म्हणून प्रजातीसकट साइट्सच्या नियमात अडकलं आणि सहारनपूरचे कारागीर परवान्यांच्या फेऱ्यात सापडले. २०१९ला भारताने शिसम वगळा म्हटलं, कुणी ऐकलं नाही.

रंधा: नावं कुठे ठेवली? शिसमच्या भावाने विका की! आजोबांची शिसवी पेटी दोघांना हलत नाही. हा दिवाण बहीण एकटी सरकवते.

पेठकर: वजनावरून लाकूड ओळखणारे तुम्ही! पान बघावं. शिसवाची पर्णिका बोथट, बहुतेकदा टोकाला खाच, शिसमची टोकदार.

रंधा: दिवाणाला पालवी फुटेपर्यंत थांबतो मग.

निळाई: फर्निचरचा धागा वेगळा काढा हो! याच कार्ल गुस्तावने क्वासीकडून औषधी झाड मिळवून थोरल्या लिनियसला दिलं. क्वासी गुलाम म्हणून सुरीनामला आणलेला, तरी झाडाला नाव त्याचं मिळालं: क्वासिया. म्हणजे गुलामाचं नाव देणं तेव्हाही जमत होतं.

रानवाटा: तोच क्वासी पळालेल्या गुलामांना पकडायला गोऱ्यांना मदत करत होता. त्याचंही खोडायचं?

निळाई: बरं, कागदपत्रांचा घोळ होईल हे मान्य. झालं समाधान? पण ‘मळेवाला’ म्हणून सोडून देऊ नका. त्याच सुरीनामच्या मळ्यांवर १८७३पासून आपल्याकडची माणसंही गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, नेली.

रंधा: ते पटलं. दुकानदाराचं मात्र कुणीच बोललं नाही.